शपथ कोणी घ्यायची?

लहानपणी शिरूरला घोडनदीच्या काठावर आम्ही मुलं खेळायचो, तेव्हा खेळातल्या लबाडीला आमच्याकडे एक नेमका शब्द होता. रडी. बाद झालेला गडी 'मी नाहीच आउट' म्हणून अडून बसला, की सगळे एका सुरात ओरडायचे, 'रडीचा डाव!' तिथे ना पंच असायचा, ना नियमांचं पुस्तक. तरीही न्याय व्हायचा. रडी खेळणाऱ्यावर पुन्हा राज्य यायचं आणि खेळ पुढे चालू. मोठं झाल्यावर एक गंमत लक्षात आली. मुलांच्या जगात रडी खेळणाऱ्याला शिक्षा म्हणून राज्य मिळतं. मोठ्यांच्या जगात पुष्कळदा ते बक्षीस म्हणून मिळतं.

विनोद सोडून देऊ. पण ज्या मुलांना आपापसात इतका चोख न्याय करता येतो, त्यांच्या स्पर्धांमध्ये खोटी वयं, खोटी नावं आणि खोटी प्रमाणपत्रं येतात कुठून? या प्रश्नावर आज बोलायचं आहे. इतिहासातली काही उदाहरणं सांगणार आहे. पण सुरुवात माझ्या स्वतःच्या इतिहासापासून केली पाहिजे, कारण त्यात माझंही नाव आहे. अगदी शब्दशः आहे.

शाळेच्या दाखल्याप्रमाणे माझा जन्म १ जून १९६९चा. अम्मी मात्र सांगायची की तू दिवाळीच्या तोंडावर झालास. हे काही माझ्या एकट्याचं नाही. माझ्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांची जन्मतारीख विचारा, निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मल्यासारखा वाटेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. तोवर मुलाला सहा वर्षं पुरी झालेली दिसावीत म्हणून गुरुजी जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून टाकायचे. आईबापांना तारीख आठवत नसायची आणि गुरुजींना रकाना भरायचा असायचा. त्यात कुणाचा कपटी हेतू नव्हता. पण मुलाच्या वयाचा आकडा मोठ्यांच्या सोयीने लिहायचा असतो, ही गोष्ट आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो.

१९८२ची गोष्ट. मी आठवीत होतो. आमच्या शाळेचा लहान गटाचा कबड्डी संघ स्पर्धेसाठी दौंडला जायचा होता. मी राखीव खेळाडू. अंगाने काडी, पण दम चांगला. निघायच्या आठ दिवस आधी पी.टी.चे सर आमच्या दुकानात आले. अब्बा शिंपी होते. शाळेच्या गणवेशांची शिलाई त्यांच्याकडेच असायची. सरांनी खेळाडूंच्या चड्ड्यांची मापं लिहून आणली होती. यादीत माझ्या नावापुढे कंबर तीस इंच असं लिहिलेलं होतं. माझी कंबर तेव्हा बावीसच्या वर नव्हती. अब्बांनी कागद वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सरांकडे बघितलं आणि तीस इंचाची चड्डी बेतली.

एसटीत बसल्यावर ती चड्डी कुणाची ते कळलं. शेजारच्या गावचा, शाळा सोडून दोन वर्षं झालेला, मिसरूड फुटलेला एक गडी आमच्याबरोबर आला होता. त्या दिवसापुरता तो मी होतो. न्हावऱ्यापर्यंत आमची पोरं त्याच्याकडून माझं नाव घोकून घेत होती. त्याने आधी असं नाव कधी स्वतःला लावलं नव्हतं, त्यामुळे त्याला फार हसू येत होतं. आम्हीही हसत होतो. भीमा ओलांडून दौंडला पोचेपर्यंत सगळी सहल वाटत होती.

मैदानावर हजेरी सुरू झाली. पंचांनी माझं नाव पुकारलं. तो गडी गप्पच. पंचांनी पुन्हा पुकारलं आणि मैदानाबाहेर बसलेला मी सवयीने उठून म्हणालो, 'हजर, सर!' आमच्या सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच खाली बसलो. तो गडी भानावर आला आणि हात वर करून पुढे झाला. पंच हसले. त्यांच्या काय ते लक्षात आलं असणार. त्यांनी शिट्टी वाजवली. दौंड हे जंक्शन, त्यामुळे पंचाची शिट्टी कोणती आणि इंजिनाची कोणती, असा घोटाळा दिवसभर चालला होता.

दुसऱ्या डावात समोरच्या संघाचा एक मुलगा चढाईला आला. माझ्याएवढाच, माझ्यासारखाच काडी. पाटीच्या कोपऱ्यात आमच्या त्या गड्याने त्याला कमरेतून उचलला आणि खाली घेतला. पकड नियमाप्रमाणे होती. त्याने मुद्दाम काही केलं नाही. त्याच्या हातात जेवढी ताकद होती तेवढी त्याने लावली, इतकंच. तो मुलगा उठलाच नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याला दोघांनी उचलून टांग्यात घातला. जाताना तो रडत नव्हता, नुसता आमच्या गड्याकडे बघत होता.

सामना आम्ही जिंकलो. गुणपत्रकात ती पकड माझ्या नावावर लागली. चार महिन्यांनी शाळेत प्रमाणपत्र आलं, त्यावरही माझं नाव. सरांनी प्रार्थनेच्या वेळी ते मला दिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अब्बांनी त्याला काच लावून दुकानाच्या भिंतीवर टांगलं. गिऱ्हाईक विचारायचं, 'पोरगा खेळतो वाटतं?' अब्बा सुईत दोरा ओवत राहायचे.

पुढे पुण्याला बी.ए. करताना माझा विषय इतिहास होता. ग्रंथालयात पॉसेनिअस नावाच्या ग्रीक प्रवाशाचं वर्णन हाती लागलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो ग्रीसभर हिंडला आणि बघितलं ते लिहून ठेवलं. ऑलिंपियाबद्दल लिहिताना त्याने तिथल्या शपथविधीची हकिकत दिली आहे. सभागृहात झ्यूस देवाची एक मूर्ती होती, दोन्ही हातांत वज्र घेतलेली, बघूनच धडकी भरावी अशी. तिच्यासमोर, बळी दिलेल्या पशूच्या मांसावर शपथ घ्यायची, की या खेळांत आम्ही कोणतंही कपट करणार नाही. ही शपथ एकट्या खेळाडूची नव्हती. त्याचे वडील, त्याचे भाऊ आणि त्याला शिकवणारे गुरू यांनाही ती घ्यावी लागे. लहान गटात येणारी मुलं आणि शर्यतीत उतरणारी शिंगरं खरोखर त्या वयाची आहेत का, हे तपासणाऱ्यांची शपथ आणखी वेगळी. लाच न घेता खरा निर्णय देऊ, अशी.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपल्याकडचा बैलबाजार आठवला. बैलाचं वय तोंडी कुणी विचारत नाही. ओठ वर करून दात बघतात. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. शर्यतींतही काही ठिकाणी आदत बैलांचा गट वेगळा असतो. जनावराच्या बाबतीत आपण इतके काटेकोर आहोत आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तीस इंचाची चड्डी बेतून मोकळे होतो.

शपथ घेऊनही माणसं लबाडी करत, हेही पॉसेनिअसने लपवलेलं नाही. इसवी सनापूर्वी ३८८ साली थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. सगळ्यांना दंड झाला आणि त्या पैशांतून झ्यूसचे ब्राँझचे पुतळे उभे केले गेले. पुढे जो जो सापडला, त्याच्या दंडातून आणखी पुतळे झाले. मैदानात शिरण्याच्या वाटेवर ते ओळीने उभे होते. शर्यतीला जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूला त्यांच्या समोरून जावं लागे. विजय पैशाने मिळत नाही, पायांच्या वेगाने आणि शरीराच्या ताकदीने मिळतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांतल्या एकावर होता. पुतळे आता नाहीत, पण त्यांचे दगडी चौथरे तिथे अजून आहेत.

या पुतळ्यांमधल्या दोघांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इसवी सनापूर्वी १२ साली डॅमोनिकस नावाच्या गृहस्थाने आपला मुलगा पॉलिक्टर कुस्तीत जिंकावा म्हणून स्मर्नाच्या सोसँडर या मल्लाच्या वडिलांना पैसे दिले. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन बापांनी मिळून आपल्या मुलांची नुरा कुस्ती ठरवली. डॅमोनिकस हा खेळ भरवणाऱ्या एलिस गावचा, म्हणजे यजमानांपैकीच. प्रकरण उघडकीला आलं. पंचांनी विचार केला की यात खरा दोष कुणाचा? सौदा बापांनी केला होता. म्हणून दंड बापांना झाला. त्या दंडाचे दोन पुतळे झाले.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या पंचांना जे कळलं, ते आपल्याला अजून नीट कळलेलं नाही. आधुनिक ऑलिंपिकचंच बघा. खेळाडूची शपथ सुरू झाली १९२० साली, अँटवर्पला. पंचांची शपथ आली १९७२मध्ये. प्रशिक्षकांनी शपथ घ्यावी हे सुचायला २०१० साल उजाडलं आणि तीही पहिल्यांदा घेतली गेली सिंगापूरच्या युवा ऑलिंपिकमध्ये, म्हणजे मुलांच्या खेळांत. बापांची शपथ अजून परत आलेली नाही.

बापाच्या जागी असलेला माणूस काय करू शकतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात मुलांच्या बिनइंजिनाच्या गाड्यांची एक प्रसिद्ध शर्यत होते. मुलाने स्वतः बनवलेली गाडी उतारावरून सोडायची, एवढाच खेळ. १९७३मध्ये तिथे एक चौदा वर्षांचा मुलगा पहिला आला. त्याची गाडी सुटतानाच जरा जास्त जोराने सुटते, असा संशय आला म्हणून गाडीचा एक्स-रे काढला. पुढच्या टोकात विद्युतचुंबक निघाला. सुटण्याच्या ठिकाणची लोखंडी फळी खाली पडताना तो चुंबक गाडीला पुढे ओढायचा. दोन दिवसांत मुलाचं विजेतेपद गेलं. तो ज्याच्या घरी राहत होता तो त्याचा काका स्कीच्या बुटांचा कारखानदार होता आणि चुंबकामागे तोच होता. त्याचा बचाव काय होता? लबाडी तर सगळेच करतात, मग आपल्या मुलाने मागे का राहावं? प्रकरण मिटवताना त्याला मुलांच्या एका संस्थेला दोन हजार डॉलर द्यावे लागले. पण देशभरच्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले ते त्या मुलाचे.

'सगळेच करतात' हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे क्रिकेटमध्ये वय चोरण्याचा रोग इतका वाढला की २०१२पासून मंडळाने सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवायला सुरुवात केली. अ‍ॅक्रनला गाडीचा एक्स-रे काढावा लागला, आपल्याला मुलांचा काढावा लागतो. डिसेंबर २०१५मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविडने या प्रश्नावर कळकळीने बोलून दाखवलं होतं. जास्त वयाचा मुलगा निवडला जातो तो गुणाने नव्हे, अंगाने मोठा असतो म्हणून, आणि खरं वय सांगणारा मुलगा निराश होऊन खेळच सोडतो, हा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. २०२०मध्ये मंडळाने जाहीर केलं की आपण होऊन खरं वय सांगेल त्याच्यावर बंदी येणार नाही. लपवताना सापडेल त्याला दोन वर्षं बाहेर. खेळाडूसाठी ही सवलत योग्यच होती. पण ज्याने तो खोटा दाखला काढून आणला, त्या काका-मामा-बापाचं काय? त्याच्यासाठी ना बंदी, ना सवलत. त्याचं नावच कुठे येत नाही.

आता पुन्हा आपल्या गावाकडे येतो. महाराष्ट्र सरकारने २००५ साली खेळाडूंसाठी नोकऱ्यांमध्ये पाच टक्के आरक्षण ठेवलं. दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. हेतू चांगला होता. मातीत खेळणाऱ्या गरीब मुलाला आधार मिळावा हाच. आणि तो अनेकांना मिळालाही. पण प्रमाणपत्राला किंमत आली, तसा त्याचा बाजारही उभा राहिला. ट्रॅम्पोलिन, टंबलिंग अशा, आपल्या तालुक्यात कुणी साधनही बघितलं नसेल अशा खेळांची बनावट प्रमाणपत्रं निघाली. त्यांवर लोक नोकरीला लागले. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. २०२२मध्ये तर क्रीडा खात्याला बनावट प्रमाणपत्रं स्वतःहून परत करा, असं आवाहन करावं लागलं. प्रमाणपत्र छापणारा, त्यावर सही करणारा, ते तपासून खरं ठरवणारा आणि त्यासाठी पैसे मोजणारा, या साखळीत खेळाडू शोधून सापडत नाही. सगळी मोठी माणसं.

शिरूरहून न्हावऱ्याकडे किंवा दौंडहून पाटसकडे पहाटे गेलात तर रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी धावताना दिसतात. बहुतेकांची पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. दौंडला राज्य राखीव दल आहे, त्यामुळे या भागात वर्दीची ओढ जुनीच. सोळाशे मीटरच्या धावण्यात एका-दोन सेकंदांसाठी ही पोरं महिनोन् महिने घाम गाळतात. यांच्यातल्या एकाची जागा कुठल्या तरी टेबलावर तयार झालेल्या कागदाने जाते, तेव्हा त्याला ते कळतसुद्धा नाही. त्याला वाटतं, आपणच कमी पडलो.

माझा पुतण्या याच पोरांमधला. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो घरी आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, 'चाचा, एक जण सर्टिफिकेट देतोय. राज्य पातळीचं. थोडे पैसे कमी पडतायत.' त्याला माझी परवानगी नको होती. उसने पैसे हवे होते.

मी त्याला दौंडची गोष्ट सांगितली. घरात तोवर ती कुणाला सांगितली नव्हती. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग तुमचं ते सर्टिफिकेट आता कुठंय?'

मी म्हणालो, 'ट्रंकेत.'

'फाडलं नाहीत?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे मी दिले नाहीत. पण त्या क्षणी त्याच्या नजरेत मी काही फार उंच माणूस नव्हतो, आणि ते बरोबरच होतं. चाळीस वर्षं कागद जपून ठेवणाऱ्या चाचाने पुतण्याला कागद घेऊ नको म्हणावं, याला फारसं वजन नसतं. मुलं आपलं सांगणं ऐकतात की नाही, कोण जाणे. आपलं वागणं मात्र ती बारकाईने बघत असतात.

अब्बा जायच्या आधी वर्षभर अंथरुणाला खिळून होते. एका दुपारी आपण होऊन बोलले. म्हणाले, 'त्या दिवशी सरांना नाही म्हणायला हवं होतं. टेपला तुझं माप माहीत होतं. पण गणवेशाची ऑर्डर होती.' इतकंच बोलले. मी त्यांना दोष देत नाही. सहा माणसांचं पोट त्या शिलाईवर होतं. ते सरही वाईट नव्हते. त्यांना शाळेचं नाव व्हायला हवं होतं. हसून शिट्टी वाजवणारे पंचही वाईट नसतील. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची असेल. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं आणि सगळ्यांची कारणं मिळून एका मुलाचं हाड मोडलं.

'इमान' हा शब्द अरबीतून आला आणि मराठीच्या अंगणात असा रुजला की आता तो परका वाटतच नाही. आमच्याकडे उरूस असो नाही तर जत्रा, शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड असतोच. मोठ्या इनामांच्या आधी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात. मूठभर रेवड्यांसाठी ती पोरं जी झुंज देतात, त्यात खोट नसते. तोवर कुणी त्यांना शिकवलेली नसते.

म्हणून मला एवढंच सुचवायचं आहे. आपल्या शाळांच्या स्पर्धा सुरू होताना मुलांना रांगेत उभं करून शपथ देतात. यापुढे ती आधी मोठ्यांनी घ्यावी. मुख्याध्यापकांनी, प्रशिक्षकांनी, पंचांनी, कुंपणाला टेकून ओरडणाऱ्या आम्हा बाप-चाचांनी. मुलांच्या देखत, हात पुढे करून. शपथेने सगळे सरळ होतात असं नाही. ऑलिंपियाच्या पुतळ्यांनी ते दाखवलंच आहे. पण निदान जबाबदारी कुणाची, हे सगळ्यांसमोर बोललं तरी जाईल.

पुतण्या अजून पहाटे धावायला जातो. त्याने पुढे काय केलं ते मी विचारलेलं नाही, तोच एक दिवस सांगेल. मी मात्र ते प्रमाणपत्र ट्रंकेतून काढून टेबलावर ठेवलं आहे. फाडलेलं नाही. फाडलं तर पुरावाच जाईल. त्याच्यावर माझं नाव आहे, शाळेचं आहे, तारीख आहे. टांग्यात घालून नेलेल्या त्या मुलाचं नाव मात्र त्यावर नाही. त्या दिवशी ते मी विचारलं नाही. तो आज माझ्याच वयाचा असेल आणि आपलं हाड कुणी मोडलं म्हणून विचारलं तर बहुधा माझंच नाव सांगत असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)